उलटा मार
दुपारचे अडीच वाजलेत. इंजिनाच्या खोपीत गोणपाट अंथरून मी जरा पाठ टेकते. सकाळपासून हँडल मारून दंड भरून आलेत.

इंजिन पपांचं. छोटं, पेट्रोलवर सुरू होऊन मग रॉकेलवर चालणारं, माझ्याहून वयानं मोठं. गेल्या आठवड्यात विजेचा पंप जळला, तेव्हा माझा भाऊ बस्त्याव म्हणाला, "बरंच झालं. आता बावखल बुजवू." बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं. चाफ्याची सगळी झाडं त्याच्या पाण्यावर आहेत. आज सकाळी मी म्हटलं, पपांचं इंजिन आहे ना. तो हसला. "रेजिना, आज संध्याकाळपर्यंत चालू करून दाखव. नाही बुजवत, जा."

ठिणगी येतेय. पेट्रोल पोचतंय. तरी इंजिन ढिम्म. डोळे मिटतात.

"प्लग ओला आहे काय?"

पपा विचारतात. चार वर्षांपूर्वी गेलेले पपा, रविवारचा पांढरा शर्ट घालून माझ्या उशाशी उकिडवे बसलेत.

"पुसला. दोनदा."

"मग सोड. पोरीच्या जातीनं हँडल मारू नये."

"हे जिवंतपणी पुष्कळ ऐकलंय."

आम्ही चर्चमध्ये आहोत. इंजिन वेदीच्या पायरीवर ठेवलंय आणि त्यातून तेल गळतंय. बाकांवर कुणीच नाही. मी गुडघे टेकून हँडल लावते. पपा मागून हळूच म्हणतात,

"बस्त्यावला मीच सांगितलंय, बुजव म्हणून. शेवटच्या दिवसांत."

माझा हात थांबतो. हे मला कुणी सांगितलेलं नाही.

"का?"

"थकलो होतो गं."

"तुम्ही थकला होतात. मी नाही थकलेय. तुम्ही गेलात पपा, तुम्हाला आता तहान नाही. झाडांना आहे."

मेलेल्या माणसाशी असं बोलू नये, कळतं मला. पण राग आवरत नाही. आता आम्ही एसटीत, एसटी सुरू होते. मधल्या वाटेत इंजिन, खिडक्यांपर्यंत बावखलाचं हिरवं पाणी, आणि पपा कंडक्टरच्या सीटवर. मी पाय रोवते आणि सगळं बळ लावून हँडल फिरवते. फाट्! हँडल उलटं येऊन अंगठ्याच्या मुळाशी बसतं. मी किंचाळते.

पपा उठून उभे राहतात. डोळ्यांत तीच जुनी चमक.

"उलटं मारलं? म्हणजे पेटतंय ते. वेळेच्या आधी पेटतंय. चाक सरकलंय, रेजिना. चाकाची चावी बघ."

"आता का सांगता?"

"सोड म्हटलं तरी तू ऐकणार नाहीस, म्हणून."

पाणी खिडकीतून आत येतं.

मी खोपीत आहे. घामानं भिजलेय. अंगठ्याच्या मुळाशी काळंनिळं टेंगूळ आलंय, बोट मिटत नाही. सकाळपासून हँडलनं एकदाही उलटा मार दिला नव्हता.

दारात बस्त्याव उभा आहे. "हाताला काय झालं?"

"पाना दे. मोठा."

"अगं, सोड ना आता."

"पपांनी तुला बुजवायला सांगितलं होतं, हो ना?"

त्याचा चेहरा उतरतो. "तुला कोणी सांगितलं?"

"पाना दे, बस्त्याव."

तो देतो. नट सोडवून, लाकडाचा ठोकळा लावून मी चाक ठोकून काढते. चाकाला दांड्यावर घट्ट धरणारा लोखंडी तुकडा, चावी, अर्धी कातरलेली. आतली खाच सरकलेली. डाव्या हातानं कानस चालवून मी नवी चावी घासते. तासभर जातो. बस्त्याव न सांगता चाक धरून ठेवतो.

तिसऱ्या हँडलला इंजिन पकडतं. खोप धुरानं भरते, पत्रे थडथडतात, पाइपातून आधी चिखल आणि मग पाणी येतं. बस्त्याव ओरडून काहीतरी सांगतोय. मला ऐकू येत नाही, आणि ऐकायचंही नाही. अंगठा ठणकतोय. ठणकू दे.