भट्टीशेजारचं टेबल

समजा, तुमच्या हातात एक बिस्किट दिलंय. खायचं नाही. कानाजवळ धरायचं आणि दोन्ही अंगठ्यांनी मोडायचं. ‘कट्’ असा स्वच्छ आवाज आला, तर माल चांगला. दबका आला, तर बिस्किट हवेतलं पाणी प्यायलंय. असं दिवसातून दोनशे वेळा, एकोणीस वर्षं.

कारखान्यात हे काम करणाऱ्या बाईंना सगळे कानवाली मावशी म्हणत. त्यांनी ‘पास’ लिहिलं की माल पुड्यांत भरायचा. पुड्यांची तोंडं बंद करायच्या मशीनवर त्यांची नणंद होती. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या जिवावर.

“वहिनी, घरी माझं एक ऐकत नाहीस, इथे बिस्किटाचंही ऐकतेस!” ती चिडवायची.

“बिस्किट मोडल्यावर गप्प बसतं,” मावशी म्हणायच्या.

एकदा पुड्यांचा कागद वेळेवर आला नाही. भाजलेला माल दोन दिवस दमट गोदामात उघड्या क्रेटमध्ये पडून राहिला. कागद आल्यावर मावशींनी नेहमीसारखे नमुने मोडले, पास केले. पंधरा दिवसांत तक्रार आली: पुडा फोडला तर बिस्किटं रबरासारखी.

साहेबांनी निकाल लावला. मावशींचा कान चुकत नाही, म्हणजे पुडे गळके. शनिवारी नणंदेचा शेवटचा दिवस.

“मी तोंड नीट दाबते गं,” ती एवढंच म्हणाली. चिडवणं बंद झालं होतं.

मावशींनी परत आलेला एक न फोडलेला पुडा पाण्याच्या बादलीत बुडवून दाबला. एकही बुडबुडा आला नाही. म्हणजे पाणी बाहेरून शिरलंच नव्हतं; बिस्किटांबरोबर आत कोंडलं गेलं होतं. मग तपासताना आवाज स्वच्छ कसा आला?

त्यांचं टेबल भट्टीशेजारी होतं. गोदामातून आणलेले नमुने त्यांचा चहा-नाश्ता होईपर्यंत तासभर तिथे उघड्या बशीत पडून असत. मावशींनी पुडा फोडून आतली मऊ बिस्किटं तशीच बशीत ठेवली. तासाभरानं एक मोडलं.

कट्.

भट्टीची धग बिस्किटातलं पाणी परत ओढून घेत होती. तपासले जायचे ते नमुने वाळलेले. गोदामातला माल मऊच.

“साहेब, चूक माझी आहे.”

“नणंदेसाठी अंगावर घेताय, मावशी?”

“घरात तिच्यासाठी चहाचं कामसुद्धा अंगावर घेत नाही मी. हे पुड्यातलं, हे बशीतलं. तुम्हीच मोडा.”

साहेबांनी दोन्ही मोडली. पुड्यातलं नुसतं वाकलं; बशीतलं कट् वाजलं.

नणंदेचं काम टिकलं. मावशींच्या जागी ओलावा मोजायचं यंत्र आलं, तेही गोदामाच्या दाराशी. मावशी आता क्रेट झाकतात. नणंद जाता-येता त्यांचा हात दाबते.

सहा वर्षांपूर्वी त्याच मशीनवरची एक बाई गळक्या पुड्यांवरून कामावरून गेली होती. तो मालही मावशींनीच पास केला होता. तिचा एकही पुडा कुणी पाण्यात बुडवून बघितला नव्हता. ती कुठे राहते, कुणाला ठाऊक नाही. तेव्हाचे कामगार भेटले की मावशी हातातलं झाकण खाली ठेवतात आणि विचारतात,

“आठवतं का हो, तेव्हाही माल उघडा राहिला होता का?”