चौरंगाचे चार पाय

लाकूड माणसाशी कधी खोटं बोलत नाही, असं आमच्या सुतारकामाच्या छंदातले लोक फार गंभीरपणे सांगतात. मीही सांगत असे. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या वखारीनं मला सागाच्या नावाखाली दोनदा भलतंच लाकूड विकलं, त्यानंतरही सांगत असे.

या छंदाचं एक मासिक मी वीसेक वर्षं घेत होतो. त्याच्या मधल्या पानांत खऱ्या मापाचे साचे छापलेले असत. चौरंगाच्या चार पायांसाठी चार. कापायचे, लाकडावर चिकटवायचे, रेषेवरून करवत चालवायची. मग मासिकानं अ‍ॅप काढलं आणि संपादकांचा फोन आला.

"सर, तुम्ही आमचे सर्वांत जुने वाचक. अ‍ॅप वापरून परखड मत द्या. छापील अंक ठेवायचा की नाही, हे तुमच्यासारख्यांच्या शब्दावर ठरणार."

आपल्या शब्दावर काही ठरणार, हे नोकरीतसुद्धा मला कोणी म्हटलं नव्हतं. मी लगेच कामाला लागलो.

निफाडला बहिणीची वास्तुशांत होती, तिला चौरंग कबूल केला होता. साचा टॅबलेटवर उघडला, वर पातळ कागद ठेवला आणि वीतभर पाय गिरवला. सवयीप्रमाणे चार पायांसाठी चार वेळा. बोट टेकलं की चित्र थोडं फुगतं, हे लाकूड कापून झाल्यावर लक्षात आलं. थोरला, मधला, धाकटा आणि शेंडेफळ असे पाय निघाले.

बहिणीनं चौरंग हलवून पाहिला. "दादा, ह्याच्यावर कलश ठेवला तर थेट भटजींच्या मांडीत जायचा."

"पाचर मारून देतो."

"राहू दे. मी पाट घेते."

मी अ‍ॅपवर मत लिहिलं: "वाचायला उत्तम. काम करायला निरुपयोगी. छापील अंक बंद करू नका."

आठवड्यानं अ‍ॅप उघडलं, तर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत झळकत होतं: "वाचायला उत्तम. – नाशिकचे एक जुने वाचक."

मी संपादकांना फोन केला. "बाकीची दोन वाक्यं कुठे गेली?"

"सर, जागा तेवढीच होती हो."

वीस वर्षं या माणसाच्या मापावर मी डोळे मिटून करवत चालवली होती.

छापील अंक बंद झाल्याचं पत्र पुढच्या महिन्यात टपालानं आलं. कागद जाड होता आणि छपाई उत्तम होती.