नटाच्या कोटाचा रफू

"सापडला तर पैसे परत."

गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं की दाजी एवढंच बोलायचे. गिऱ्हाईक कपडा उजेडात न्यायचं, उलटा करायचं, डोळ्यांपाशी धरायचं. फाटलं होतं कुठे, जळलं होतं कुठे, कुणालाच सांगता यायचं नाही. चाळीस वर्षांत दाजींनी एकदाही पैसे परत केले नाहीत. गल्लीनं त्यांचं नाव पाडलं होतं, गायबमास्तर.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा रफूचा. घराची पुढची खोली हेच दुकान. मोठी खिडकी, खिडकीशी त्यांची बैठक, भिंतीवर खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा नंबर मारलेला बिल्ला. त्याच नंबरचा दुसरा बिल्ला गिऱ्हाइकाकडे. नावगाव लिहायची पद्धत नव्हती. "माणूस विसरेन, कपडा विसरणार नाही," म्हणायचे.

मागच्या खोलीत ताईची खाट. तिच्या काळजाची झडप निकामी झाली होती. महिनाअखेरपर्यंत ती बदलली तर ताई राहील, असं डॉक्टरांनी दाजींना सांगितलं होतं. शस्त्रक्रियेचा आकडा ऐकून दाजी दवाखान्याच्या पायरीवरच बसले होते. ताईनं मात्र थट्टा केली, "चाळीस वर्षं जगाला रफू करता, माझ्या एका झडपेला करता येत नाही?" तिच्या सेवेला म्हणून मी गावाहून आलो होतो.

दाजींचं काम मी तासन्तास बघत बसे. ओल्या रानात बगळा उभा राहतो तसे ते कपड्यावर स्थिर व्हायचे. रफूला बाहेरचा धागा चालत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून एकेक सूत उसवून काढायचं, आणि भोकाच्या जागी एक वरून, एक खालून असं पुन्हा कापड विणायचं. जळलेलं असलं तर जळका काठ आधी कापून टाकायचा, कारण मेलेलं सूत जिवंत सुताला धरत नाही. शिवणीतली सुतं काढून देण्याचं काम ताईचं. नटाच्या कोटाची सुतंही तिनंच काढली होती.

तो कोट अकरा वर्षांपूर्वीचा. एक मोठा नट होता, साऱ्या मुलखाचा लाडका. एकदा प्रयोगात त्यानं जळती सिगारेट चुकून कोटाच्या खिशात ठेवली. खिशातून धूर निघू लागला तरी पठ्ठ्या भाषण संपवूनच थांबला. त्या धुराचं छायाचित्र घरोघरी लागलं. दुसऱ्या दिवशी त्याचा नोकर कोट घेऊन दाजींकडे आला. सतरा नंबरचा बिल्ला. आठ दिवसांनी न्यायला आला तेव्हा भोक कुठे होतं ते त्यालाही सापडेना. कोट तिथेच ठेवून तो हसत साहेबांना सांगायला गेला, आणि संध्याकाळी निरोप घेऊन आला, "साहेब म्हणतात, मला त्या भोकाची आठवण हवी होती, हा तर नवाच कोट झाला. मास्तरांनाच ठेवू द्या."

दाजींनी तो कधी अंगात घातला नाही. डांबरगोळ्या घालून ठेवून दिला. त्यांच्या लेखी तो नटाचा कोट नव्हताच, त्यांच्या हातून झालेलं सर्वांत चांगलं काम होतं.

मग एका सोमवारी तो नट वारला.

शहर रडलं, आणि रडता रडता खरेदीला निघालं. काल रद्दीत जाणारी त्याची चित्रं काचेत बसली. त्याची सही असलेल्या चिठोऱ्याला आठवड्याच्या पगाराचा भाव आला. त्याच्या न्हाव्यानं केसांच्या पुड्या बांधून विकल्या. ते ऐकून ताई खाटेवरून म्हणाली, "एवढे केस होते तर मेला टोप कशाला घालत होता?" आणि तिला हसण्याचाही दम लागला. तो दम ऐकून दाजी उठले. कोट काढला.

बुधवारी त्यांनी जुन्या वस्तूंच्या एका दलालाला घरी आणलं. माणूस पिचपिच्या डोळ्यांचा, पण बोलायला मोकळा. त्यानं कोट बघितला आणि एक रक्कम सांगितली. ताईच्या दोन झडपा आल्या असत्या.

"पण मास्तर, तो जळला कुठे ते दाखवा. लोकांना धुराचा कोट हवाय."

"डाव्या खिशाखाली रफू आहे."

दलालानं भिंग काढलं. डावा खिसा, उजवा खिसा, पाठ. घामाघूम झाला. "इथे काही नाही."

दाजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सापडला तर पैसे..."

त्यांना स्वतःलाही डोळ्यांनी दिसेना. शेवटी त्यांनी कोट तोंडाशी धरला आणि खालचा ओठ कापडावरून सावकाश फिरवत नेला, गाय वासराला हुंगते तसा. एका जागी थांबले. "इथे."

"ओठावर भाव ठरत नाही हो. उसवा."

"काय?"

"रफू उसवा. भोक दाखवा. शनिवारी पाचला लिलावाची यादी बंद होतेय. मेलेल्या माणसाचा बाजार आठ दिवस गरम असतो, मास्तर. नवव्या दिवशी दुसरं कुणीतरी मरतं."

दाजींनी मागच्या खोलीकडे पाहिलं. मग सुई घेतली. आठ दिवसांचं काम पाऊण तासात उसवलं. खाली गोल, स्वच्छ भोक. जळका काठ त्यांनीच तर कापून टाकला होता.

दलाल म्हणाला, "हे तर उंदराचं भोक झालं." मग खिशातून एक सिगारेट काढून टेबलावर ठेवली. "मी काही सांगितलेलं नाही. शनिवारी कोट घेऊन या."

गुरुवारचा दिवसभर ती सिगारेट तिथेच पडून होती. शुक्रवारी दुपारी दाजींनी ती पेटवली. जन्मात कधी ओढली नव्हती, पहिल्याच झुरक्याला ठसका लागला. मी म्हणालो, "दाजी, राहू द्या."

"कोट खरा आहे की नाही?"

"खरा आहे."

"भोक खरं आहे की नाही?"

"आहे."

"मग? आग तेवढी दुसऱ्यांदा लागतेय." त्यांनी भोकाच्या काठाला निखारा टेकवला. लोकर जळल्याचा वास घरभर झाला.

आतून ताईचा आवाज आला, "काय जळतंय हो?"

"काही नाही. इस्त्री राहिली."

"इतक्या वर्षांत तुमच्या हातून काही जळलं नाही," ताई म्हणाली.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं लिलावाच्या कचेरीत गेलो. जिन्यावर नटाच्या वस्तू म्हणून काहीबाही घेऊन आलेली माणसंच माणसं. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात चष्मा, एका बाईच्या हातात उशी. आत लांब टेबलामागे एक पारखी बाई बसली होती. तिच्या मागच्या दांडीवर सात कोट टांगले होते, आणि सातही कोटांना डाव्या खिशाखाली जळकं भोक.

दाजींनी आपला कोट टेबलावर ठेवला. बाईनं भोकाला बोट लावलं आणि बोटाकडे बघितलं.

"ताजी राख. हा आठवा." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा. "आजोबा, तुम्ही सगळे एकच चूक करता. त्यांच्या नोकरानं काल सांगितलं, की तो कोट दुसऱ्याच दिवशी रफूला दिला होता. आम्ही रफू केलेला कोट शोधतोय. खऱ्या कोटाला भोक नसणार."

दलाल बाजूलाच होता. तो भिंतीवरचं घड्याळ बघू लागला.

"रफू होता," दाजी म्हणाले. "मीच केला होता."

"मग गेला कुठे?"

"मीच उसवला."

मागून कुणीतरी हसलं. "वा! म्हणजे अंडं खाऊन कोंबडी दाखवायला आलेत."

बाई हसली नाही. "जुना रफू यंत्राखाली धरला असता तर सूत, रंग, वय, सगळं कळलं असतं. आता काय बघू?"

"पुन्हा करून देतो. इथेच बसून करतो."

"नवा रफू अकरा वर्षांचा होत नाही, आजोबा." हे तिच्याइतकंच दाजींनाही ठाऊक होतं.

"नोकर मला ओळखेल," दाजी म्हणाले. "तो कुठे भेटेल?"

"साहेबांच्या घरी. पण फाटकावर हजारो माणसं आहेत, आत कुणाला सोडत नाहीत. पाचपर्यंत त्याला घेऊन आलात तर बघीन."

तेव्हा दोन वाजत आले होते.

घर वाटेवरच होतं. दाजी आत शिरले आणि खिळ्यावरचा सतरा नंबरचा बिल्ला काढून मुठीत घेतला. त्याचा जोडीदार अकरा वर्षांपूर्वी नोकराकडेच राहिला होता. त्यानं तो कधीच फेकून दिला असेल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"खाल्लंत का काही?" ताईनं विचारलं.

"आलोच," दाजी म्हणाले.

मग त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. गिऱ्हाइकाचा कोट अंगात घातला. नट उंच होता. बाह्या बोटांवर आल्या, खांदे पडले. बटणं लावली आणि भर उन्हात लोकरी कोट घालून रस्त्यावर उतरले. धावत नव्हते. त्यांना धावता येत नव्हतं. डावा हात खिशाखालच्या भोकावर दाबून धरला होता.

ताई उठली होती. उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी भिंतीला धरून ती खिडकीपर्यंत आली. मी तिला दंडाशी आणि मनगटाशी धरलं. तिच्या मनगटाखालून ते काळीज कसं अडखळत होतं ते माझ्या बोटांना लागत होतं. समोरचा कुलूपवाला हातातलं काम टाकून उभा राहिला.

"बाह्या दुमडायला सांगायचं राहिलं," ताई म्हणाली.

दाजी कोपऱ्यापर्यंत गेले, एकदा मूठ उघडून बिल्ला बघितला, पुन्हा मिटली, आणि वळले. आम्ही तिघं त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिलो.