आड येणारी फांदी

माझा मित्र सुधाकर पक्ष्यांचे फोटो काढतो. त्याच्या दिवाणखान्यात बुलबुलाचा एक मोठा फोटो आहे. घरट्यात पिल्लं, आणि त्यांच्यावर पंख पसरून, चोच उघडून उभी असलेली आई. येणारा प्रत्येकजण म्हणतो, "वा! गातेय जणू!"

ती गात नव्हती. त्या दिवशी टेकडीवर मी सोबत होतो. घरट्यासमोर करवंदीची एक फांदी आडवी येत होती. "फ्रेम स्वच्छ हवी," म्हणत सुधाकरने बॅगेतली कात्री काढली आणि फांदी छाटून टाकली. ऊन थेट घरट्यात उतरलं. आई आली, पिल्लांवर पंखांचं छत धरून उभी राहिली. धापेने तिची चोच मिटेना. "बघ, काय पोझ देतेय!" सुधाकर कुजबुजला.

आपल्याला नीट दिसावं म्हणून आपण कुणाकुणाची सावली तोडत असतो, आणि जे उघडं पडतं त्याला सुंदर म्हणतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेलो. आई नव्हती. घरट्यात निपचित पिल्लांवर मुंग्यांची रांग लागली होती. सुधाकर हळहळला. मग त्याने सवयीने कॅमेरा डोळ्याला लावला.

आता आड येणारं काहीच नव्हतं.