एकाच घरात दोन नेट

माझी धाकटी ननंद माहेरी परत आली, तेव्हा मी तिला माझ्या कामात घेतलं. शहाद्यात मी घरूनच लग्नपत्रिका करते. पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आणि प्रिंटर, मागच्या खोलीत तिचा लॅपटॉप. सगळी डिझाइनं माझ्या कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरमध्ये असतात. वायफायवरून ती तिथूनच उघडायची आणि छापायचीही. घरात चाललं होतं, बाहेर नवीन दुकान घ्यायची गरज नव्हती.

ऐन लग्नसराईत एका सकाळी ते फोल्डर तिला दिसेना. प्रिंटरही दिसेना.

मी दोन्ही मशिनं बंद करून चालू केली. राउटर बंद करून चालू केला. शेअरिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खूण तपासली, शेवटी फायरवॉलही काढून पाहिली. काही नाही. गंमत म्हणजे नेट दोन्हीकडे झकास चालत होतं. दिल्लीतला माणूस तिच्या लॅपटॉपवर बोलताना दिसे, पण मधली खोली ओलांडून माझा कॉम्प्युटर दिसेना. नेट बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "दोघांकडे नेट येतंय ना? मग माझ्याकडून ओके आहे, ताई."

मी म्हटलं, तोवर पेनड्राइव्हने भागवू.

ननंद जागची हलली नाही. "पेनड्राइव्ह तुन्हाच हातमा ऱ्हाई ना," ती म्हणाली. "तुले मी नको व्हसू ते सरळ सांग. असं दार कसाले लावस?"

"अगं, मी काही केलं नाही."

"मंग कोन्ही कयं? भूतनी?"

फोल्डर माझ्या मशीनवर, सेटिंगही मीच करत होते. बाहेरून पाहिलं तर मीच तिला बंद केलं होतं. पुढचे काही दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मग कळलं, की पुरुषोत्तमनगरच्या रस्त्यावर भाड्याचा गाळा बघायला ती जाऊन आली. तिचा डिझाइनचा हात चांगला, आणि माणूस म्हणूनही ती मला घरात हवी होती. पण न केलेल्या गोष्टीची माफी मागायची कशी, तेही कळेना.

मग एका दुपारी फेज गेला. आमच्या गल्लीत हे नेहमीचं: आमचा फेज जातो, शेजारच्या भाभींचा राहतो. पंखा थांबला, कॉम्प्युटर बंद, राउटरचे दिवे बंद. मी विचारायला मागे गेले, तर बाईसाहेब बॅटरीवरच्या लॅपटॉपवर व्हिडिओ बघत होत्या. चालू व्हिडिओ.

मी परत पुढे जाऊन राउटर पाहिला. मेलेला. परत मागे आले. व्हिडिओ चालूच.

"हे नेट कुठून येतंय?"

"मले काय माहीत? वहिनी, तूच बंद-चालू करस."

मी भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीपलीकडे भाभींचं घर. मग आठवलं. दोन्ही घरांत नेट एकाच दिवशी बसलं होतं. पोरं दिवसभर या घरातून त्या घरात, म्हणून भाभींनी आणि मीच नेट बसवणाऱ्याला सांगितलं होतं, की नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेव, सारखं विचारायला नको.

मी भाभींच्या दारात गेले आणि म्हटलं, तुमचं नेट जरा बंद करा.

"बंद करसू ते पोरे मले बंद करतीन," भाभी म्हणाल्या, पण बटण दाबलं. आमच्या मागच्या खोलीतून ओरडा आला, "गयं!"

मी परत आले तेव्हा ननंद लॅपटॉपकडे बघत बसली होती. "म्हंजे इतला दिवस मी भाभीना घरमा व्हतू?"

"हो. आणि मी इथे शिव्या खात होते."

पण आधी चालायचं, मग आताच का बिघडलं? ते मधल्या खोलीतून येता-जाता माझा कोपर आपटला तेव्हा सुचलं. वर्षाचा गहू भरला होता. पत्र्याच्या कोठ्या यंदा मधल्या भिंतीला लावल्या, अगदी राउटर आणि मागच्या खोलीच्या मध्ये. आमचं नेट मागे पोचेना, म्हणून लॅपटॉपने त्याच नावाचं भाभींचं धरलं. एवढं मला पटलं. एकाच नावाची दोन नेटं असताना त्या यंत्राला एकदाही विचारावंसं का वाटलं नाही, ते अजून पटलेलं नाही.

भरलेल्या कोठ्या कोण हलवणार? वीज आल्यावर राउटरच मधल्या खोलीत उंच खिळ्याला टांगला आणि आमच्या नेटचं नाव बदललं. भाभींच्या धाकटीने लगेच येऊन मला विचारलं, "मोठी अम्मी, भांडन व्हयनं का?"

ननंदेने लॅपटॉप उघडला. मी मुद्दाम मागे गेले नाही, पुढेच बसले. थोड्या वेळाने प्रिंटर घरघरला. पत्रिकेच्या जाड कागदावर, गणपतीखाली, सोनेरी वळणदार अक्षरांत छापून आलं: वहिनी, चहा ठेव.

एक चांगला कागद वाया गेला. मी चहा ठेवला.