पायांचा आवाज होता कामा नये

एफुआचे किस्से आम्ही मुली भेटलो की निघतातच. एकीचा संपायच्या आत दुसरीचा सुरू होतो, हसून हसून पोट दुखतं.

सुरुवात नियमापासून. "हॉलमध्ये पायांचा आवाज होता कामा नये. आणि का, ते विचारायचं नाही!" हे सोसायटीचे सेक्रेटरी परब काका म्हणाले. कोणाला? डान्स क्लासला! बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीचा हॉल तळमजल्यावर, खाली नुसती माती. "मग त्रास कोणाला, गांडुळांना?" मी विचारलंच. बाबांनी दंड धरून मला बाहेर काढलं. "मोठे सांगतायत म्हणजे असेल काहीतरी."

एफुआ घानाची. अक्रामध्ये तिचा स्वतःचा ग्रुप होता, युरोपात प्रयोग करून आलेली कोरिओग्राफर. भरतनाट्यम शिकायला स्कॉलरशिपवर आली आणि आमच्या सोसायटीत भाड्याने राहिली. हॉलमधला क्लास तिचाच, शिकणाऱ्या आम्ही मुली. नियम तिने ऐकून घेतला. दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांसाठी जाड मोजे घेऊन आली.

एकदा तिला एका शूटिंगला बोलावलं. गेल्या गेल्या हातात पानांचा घागरा दिला. तिने आपला नाच करून दाखवला. असिस्टंट म्हणाला, "मॅडम, थोड़ा जंगल लाओ ना!"

"जंगल किधर से लाऊँ? मेरे घर के सामने ट्राफिक सिग्नल है!"

काम गेलं. आम्हाला हे सांगताना ती खूप हसली. मग बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आम्हाला फिल्मी गाण्यांवर नाचायचं होतं. ती म्हणाली, "पहले अपनी माँ जैसे चलो." जवळच्या नया नगरातून क्लासला येणारी शबाना उठली. एका हाताने दुपट्टा सावरत, दुसऱ्या हातात नसलेली बादली घेऊन टँकरपासून जिन्यापर्यंत चालली. वाकडी, घाईची, पाणी सांडू नये अशी. आमचं हसू तिथेच थांबलं. त्या चालीवरून एफुआने अख्खा नाच बसवला.

परब काका बघायला आले. "ह्याला डान्स म्हणतात? हे तर आमच्याकडे रोज फुकट दिसतं!"

मोजे घालूनही तक्रारी थांबल्या नाहीत. एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या परब काकू खाली आल्या. "आज तर कहर झाला गं! डोकं उठलं माझं!" त्या दिवशी एफुआ तापाने पडली होती. हॉलला कुलूप होतं!

मग अक्रात तिची आई गेली. एफुआचा पासपोर्ट व्हिसा वाढवण्यासाठी कुठल्याशा ऑफिसात अडकलेला, निघता येईना. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाला नाचून निरोप देतात. ती हॉलमध्ये आली, मोजे काढले आणि नाचली. आम्ही भिंतीला टेकून रडत होतो. परब काकांनी दार धडाधडा वाजवलं.

"आई मेलीय आणि नाचतेस? लाज वाटत नाही?"

मला वाटलं, आता ही ऐकवणार. ती थांबली, धापा टाकत म्हणाली, "सॉरी, काका." आणि खाली बसून मोजे चढवले.

दुसऱ्या दिवशी हॉल बंद. काही महिने जवळच्या नवघरला एका गच्चीवर क्लास चालला, मग तीही गच्ची गेली आणि एफुआ घानाला परतली.

काही वर्षांनी ऑर्कुटवर कळलं, एफुआ आजारपणात गेली. पेपरात तिचा फोटो आला, मोठी कलावंत म्हणून. झालं! लगेच त्याच हॉलमध्ये शोकसभा. फोटोला हार, प्लास्टिकच्या खुर्च्या, माइकवर परब काका. "एफुआजी म्हणजे आपल्या सोसायटीची शान! आता सर्वांनी दोन मिनिटं शांत उभं राहावं."

"मी नाही राहणार," मी म्हणाले.

"अगं, रीत असते ती!" बाबा पुटपुटले.

"तुमची असेल. काका, ती जिवंत होती तोवर तिच्याकडे शांतताच मागत होतात ना? आता मेल्यावरही तेच?"

"मग काय करायचंय तुला?"

मी चपला काढल्या. शबानाने पर्स खुर्चीवर ठेवली. माझा पाय फरशीवर दणकन पडला, मागोमाग तिचा. मग मागच्या रांगेतल्या क्लासच्या मुलीही उठून नाचू लागल्या.

परब काकांच्या हातात माइक तसाच होता. बाबा खाली बघत होते. फरशी दणाणत राहिली.