सांगलीला न दिसलेला गणपती

कालव्याकाठची वाट निम्मी सरली, तरी शेजारच्या पुरुषोत्तम भाऊजींनी तोंड उघडलं नव्हतं. गिरिजाला काळजीच वाटायला लागली. एरवी हा माणूस वेस्ट विंडसरहून फिरायला निघाला की प्रिन्स्टन येईपर्यंत श्वास घ्यायलाही थांबत नसे. त्यांची बायको शोभना तर सवयीनेच बरीच पुढे चालायची.

गावातल्या यच्चयावत मराठी घरांतले राउटर भाऊजींनी बसवलेले. बोलावलं की येत, न बोलावताही येत. नोकरी बँकेच्या जुनाट प्रोग्रॅमवर, पण हातात वायर आली की थेट धन्वंतरीचा अवतार. "वहिनी, राउटर म्हणजे घरातली सासू," ते समजावत. "घरच्यांनी बाहेरून काही मागवलं, तर ज्याचं त्याच्या हातात देते. अनोळखी माणसाने दार वाजवलं, की म्हणते, इथे कुणी नाही!" गिरिजाची सासू वाटसरूलाही पाणी दिल्याशिवाय सोडत नसे. पण तज्ज्ञांपुढे कोण बोलणार!

यंदा त्यांच्या घराण्याच्या गणपतीची पाळी पहिल्यांदाच अमेरिकेत आली होती. "साता समुद्रापार कसली पाळी?" म्हणून सांगलीच्या धाकट्या भावाने, नरेंद्रने, वाद घातला. शेवटी आईने निवाडा दिला: रोज आरतीला दर्शन घडव, नाही जमलं तर पुढच्या खेपेपासून गणपती सांगलीतच. भाऊजींनी लगेच मखरासमोर कॅमेरा बसवला. आज चतुर्थी, आणि आजच घोटाळा झाला.

"भाऊजी, सकाळी झालं तरी काय?" गिरिजाने शेवटी विचारलंच.

"नरेंद्रला फोनवर कॅमेऱ्याचा पत्ता दिला. आपल्या स्वयंपाकघरातल्या लॅपटॉपवर तोच टाकून बघितला होता. झकास दिसत होता गणपती."

"मग?"

"तो घरातल्या घरातला पत्ता होता. बाहेर त्याला कुणी विचारत नाही."

"म्हणजे सांगलीच्या माणसाला तुम्ही 'माजघरातून उजवीकडे वळा' एवढंच सांगितलंत?"

"हसा, वहिनी. आई त्या कोऱ्या पडद्यापुढे हात जोडून बसली होती. नरेंद्र म्हणतो, 'दादा, तुझा गणपती अजून विमानातच आहे का?' आईने आजच्यापुरती माफी दिलीय, उद्यापासून चुकून चालणार नाही."

गिरिजाचं हसू आटलं. तिने मनातल्या मनात गजाननाला नमस्कार केला आणि म्हणाली, "त्या माउलीला उद्या तरी दिसू दे. सगळ्या गावाच्या सासवा तुम्ही वठणीवर आणल्यात, तुमचीच तेवढी राहिली!"

"आता बाहेरचा पत्ता दिलाय. राउटरलाही बजावलंय, कॅमेरा विचारत कुणी आलं तर हाकलू नकोस, मखरापाशी पोचव."

"मग आज रात्री आमच्या घरून बघून सांगते."

"रात्री बघाच. पण आरती चालू असताना बंद पडलं तर? आतून आम्हाला दिसतच राहणार. आणि अख्खं मंडळ तेव्हा आमच्याच हॉलमध्ये टाळ्या वाजवत असणार." शोभना वळणाआड गेल्याची खात्री करून ते थांबले. "वहिनी, राग मानू नका. उद्या सकाळी आरतीला आमच्याकडे येऊ नका. तुमच्या घरी कम्प्युटरसमोर बसा. गणपती दिसेनासा झाला, की नरेंद्रच्या आधी तुमचा फोन मला आला पाहिजे. एवढं कराल?"